कोण कुठल्या ॲपात राहतं

आमच्या मावसभावाला निरोप द्यायचा म्हटलं की आधी आठवावं लागतं, तो सध्या कुठं असतो. गावात नव्हे, फोनमध्ये. व्हॉट्सॲपवर त्याचं खातं आहे, पण तिकडं तो पंधरा-पंधरा दिवस फिरकत नाही. टेलिग्राम त्यानं कशासाठी घेतलं ते विचारू नका, पण तिथं मिनिटात सापडतो. मेव्हणा दिवसभर ऑफिसच्या टीम्सवर. घरगुती निरोप तिथं टाकला तर संध्याकाळी येऊन रागावतो. भाची इन्स्टाग्राम सोडून कुठंच राहत नाही. आत्याला फोनच करावा लागतो, आणि तोही दुपारच्या झोपेची वेळ टाळून. मध्यंतरी घरच्या बारशाचं आमंत्रण द्यायचं होतं. तोच मजकूर इकडं चिकटव, तिकडं चिकटव, आणि उत्तरं पण तशीच विखरून आलेली. जेवायला किती पानं हे काढायला शेवटी वही घेऊन बसलो.

कोल्हापुरात माणसाची ओळख पेठेवरून सुरू होते. शिवाजी पेठेतला का मंगळवारातला? मग तालीम कुठली, मग फुटबॉलला कुणाच्या बाजूनं ओरडतोस. फोनमध्ये ॲपांच्या तशाच पेठा पडल्यात. फरक इतकाच की खऱ्या पेठांमधून रस्ते आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच हरली तरी शिवाजी पेठेतला गडी मंगळवार पेठेत चालत जाऊ शकतो, कुणी त्याला वेशीवर थांबवून ‘आधी इकडं रहायला ये’ म्हणत नाही. ॲपांना वेस आहे, रस्ता नाही.

आणि ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडलीय की हे असंच असतं असं आपण धरून चाललोय. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागतो, याच्या मेलवरून त्याच्या मेलवर पत्र जातं, मग एका ॲपातून दुसऱ्या ॲपात ‘पोचलो’ एवढं तीन अक्षरी का जाऊ नये? हा प्रश्न विचारणारा माणूस आता विचित्र वाटतो. मला तो पडतो, कारण यापेक्षा वेगळा फोन मी हाताळलाय.

२००९ च्या शेवटी नोकियाचा एन९०० आला. मला तो नंतर, पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाकडून सेकंडहँड मिळाला. जाडजूड यंत्र, खिशात टाकलं की पँट एका अंगाला ओढली जायची. स्क्रीन वर सरकवली की खालून खरा कीबोर्ड निघायचा, आणि बोटानं नेम धरायचा कंटाळा आला तर कोपऱ्यात खोचलेली बारकी काडी होती. आत लिनक्स, मेमो नावाचं. प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. आजच्या पोराला आकडे सांगितले तर तो हसेल.

पण त्याचं ॲड्रेस बुक बघण्यासारखं होतं. सुरुवातीला एकदाच सेटिंगमध्ये जाऊन आपली खाती सांगायची: गूगल टॉक, स्काईप, जॅबर (त्याची गोष्ट पुढं येईल), इंटरनेटवरून फोन करायचं एसआयपी. झालं. त्यानंतर त्या नावांशी आपला संबंध संपला. ॲड्रेस बुक उघडलं की माणसांची नावं, आणि जो ऑनलाइन असेल त्याच्या नावापाशी हिरवा ठिपका; जागेवरून उठला असेल तर पिवळा. नाव दाबलं की खाली ओळी यायच्या: मोबाईलवर फोन, एसएमएस, गूगल टॉकवर चॅट, स्काईपवर कॉल. माणूस वर, वाटा खाली. बंगळुरूला नोकरीला गेलेल्या मित्राचं नाव काढायचं, ठिपका हिरवा असेल तर चॅट, नसेल तर त्याच ठिकाणाहून एसएमएस. एसएमएस आणि चॅट दोन्ही एकाच यादीत येऊन पडायचे. स्काईपचा कॉल आला तरी फोन नेहमीसारखाच वाजायचा. उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून, एजच्या, म्हणजे टूजीच्या, रडतखडत चालणाऱ्या नेटवर मी हे करायचो, आणि शेजारी बसलेला फौंड्रीतला माणूस विचारायचा, ‘‘हे कुठलं मॉडेल म्हणायचं भावा?’’ त्याला मॉडेल दिसत होतं. मला दिसत होती ती ही नावांची यादी.

यामागची रचनाही साधी नव्हती. टेलिपथी नावाची एक चौकट त्यात वापरली होती. प्रत्येक प्रोटोकॉलची, म्हणजे निरोप नेण्या-आणण्याच्या ठरलेल्या नियमांची, भाषा बोलणारा एक-एक वेगळा प्रोग्रॅम पडद्याआड बसलेला; एक गूगल टॉकशी बोलणार, एक एसआयपीशी. ते सगळे आतल्या बाजूला एकाच भाषेत सांगणार, की अमक्याचा निरोप आलाय, तमका ऑनलाइन झालाय. समोरच्या पडद्याला आलेला निरोप कुठल्या कंपनीच्या वाटेनं आला याचं सोयरसुतक नाही. त्यामुळं नोकियानं याहू किंवा एमएसएन दिलं नसलं तरी बाहेरच्या हौशी लोकांनी त्याची जोडणी लिहून फुकट ठेवली होती. कॉम्प्युटरवर पिजिन नावाचं जे चॅटचं सॉफ्टवेअर चालायचं, त्याच्याच पोटातला भाग काढून. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या पाम प्री फोननं तर पुढची पायरी गाठली होती. एका माणसाशी चॅटवर सुरू झालेलं बोलणं त्याच धाग्यात पुढं एसएमएसनं चालू ठेवता यायचं. हे दोन्ही फोन बाजारात आपटले. चांगला फोन म्हणून कुणी त्यांची आठवण काढत नाही, मीसुद्धा काढणार नाही. मला त्यातला क्रम आवडला होता, एवढंच.

आता हे जमलं कसं, यासाठी थोडं मागं जायला हवं. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोक्यांत बसून आम्ही याहू मेसेंजर चालवायचो तेव्हा चॅटची दुनिया आजच्यासारखीच तुटक होती. १९९६ मध्ये इस्रायलमधल्या चार पोरांच्या कंपनीनं आयसीक्यू काढलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत एओएलचं एआयएम, १९९८ ला याहू, १९९९ ला मायक्रोसॉफ्टचं एमएसएन. प्रत्येकाची भाषा स्वतःची आणि गुपित. एमएसएननं सुरुवातीलाच एक आगाऊपणा केला: आमच्या मेसेंजरमधून एओएलच्या लोकांशीही बोला, म्हणून आतून एओएलच्या सर्व्हरला जोडणी केली. एओएलनं ती वाट बंद केली. मायक्रोसॉफ्टनं दुसरी शोधली. एओएलनं तीही बुजवली. काही महिने हा शिवाशिवीचा खेळ चालला आणि मग मायक्रोसॉफ्टनं नाद सोडला. २००६ मध्ये याहू आणि एमएसएन यांनी आपापसात दार उघडलं, तेही मला वाटतं तिसऱ्याच्या भीतीनं.

या भांडणाच्याच वर्षी, १९९९ च्या जानेवारीत, जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं जॅबर जाहीर केलं. कल्पना ईमेलचीच: एक मालक नको. पत्ता मेलसारखा, आधी नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हर. माझं खातं माझ्या सर्व्हरवर, तुमचं तुमच्या, आणि सर्व्हर आपसात बोलून घेतील. २००४ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं त्याला एक्सएमपीपी या नावानं रीतसर मान्यता दिली. त्याच्या नियमांची वही वाचली तर पुष्कळ किचकट आहे, पण मुळात जाणारे-येणारे तुकडे तीनच जातीचे: निरोप, हजेरी, आणि विचारणा-उत्तर.

त्यातल्या हजेरीवर मी खूश आहे. तुमचा ठिपका मला दिसायचा तर मी आधी तुमच्याकडं परवानगी मागणार, तुम्ही ‘हो’ म्हणणार, तेव्हाच तो दिसणार. आणि माझा तुम्हाला दिसायला पुन्हा उलट परवानगी. नंबर माहीत आहे म्हणून कुणीही येऊन तुम्ही रात्री किती वाजता जागे होता ते बघून जाणार, हा प्रकार नाही. आणि हजेरी नुसती ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नव्हती. बोलायला मोकळा, जरा उठलोय, बराच वेळ नाही, आणि कृपा करून आत्ता नको, असे चार सूर त्यात आधीपासून बसवलेले. आजच्या ‘लास्ट सीन’मध्ये एकच सूर आहे, तो म्हणजे पकडला गेल्याचा.

गूगलनं २००५ च्या ऑगस्टमध्ये गूगल टॉक काढलं ते या एक्सएमपीपीवर, आणि २००६ च्या जानेवारीत बाहेरच्या सर्व्हरांसाठी दारही उघडलं. म्हणजे माझं खातं कुणा हौशी माणसाच्या सर्व्हरवर असलं तरी जीमेलवाल्या मित्राशी बोलता यायचं. फेसबुकनं २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीची खिडकी काढली. सर्व्हर जोडू दिले नाहीत, पण बाहेरच्या ॲपातून आत तरी येता यायचं. आपल्याकडं त्या काळात साध्या नोकियावर निंबझ घेतलेली पोरं आठवत असतील. एका ॲपात याहू, गूगल टॉक, फेसबुक सगळं. स्काईपनं मात्र २०१० मध्येच निंबझला बाहेर काढलं. त्या वेळी आम्ही एवढंच म्हणालो, जाऊ दे, स्काईप कोण वापरतंय.

मग हे सगळं गेलं कुठं? आमच्या गटातल्या जाणकारांचं ठरलेलं उत्तर असतं: कंपन्यांचा डाव. २०१३ च्या मेमध्ये गूगलनं हँगआउट्स आणलं आणि बाहेरच्या सर्व्हरांची वाट बंद करायला घेतली, २०१५ मध्ये फेसबुकनं खिडकी लावली, आणि संपलं. घटना खऱ्या आहेत. पण डाव म्हणून सोडून दिलं तर पुढचं काही कळत नाही. मला वाटतं एक्सएमपीपी कंपन्यांच्या आधी खिशात मेलं.

ते तारेनं जोडलेल्या, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी बनलं होतं. सर्व्हरशी एक जोडणी करायची आणि दिवसभर ती धरून ठेवायची. टेबलावर यात काही बिघडत नाही. मोबाईलवर, बराच वेळ गप्प असलेली जोडणी नेटवर्कवाल्यांची यंत्रं परस्पर तोडून टाकतात. म्हणून फोनला दर थोड्या वेळानं ‘मी आहे, मी आहे’ म्हणून काहीतरी पाठवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी आतला रेडिओ झोपेतून उठतो. त्यात यादीतल्या शंभर लोकांचे ठिपके. कुणी चहाला उठला, कुणी परत आला, कुणाचं नेट गेलं, प्रत्येक बदलाची वर्दी तुमच्या फोनला. रेडिओला डोळा लागतोय तोवर पुन्हा हाक. एन९००ची बॅटरी १३२० एमएएचची. सगळी खाती चालू ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती मान टाकायची. ज्या हिरव्या ठिपक्याचं मी एवढं कौतुक करतोय, तोच बॅटरी पीत होता. ॲपलनं २००९ मध्ये आणि गूगलनं २०१० मध्ये यावर तोड काढली ती अशी: सगळ्या ॲपांच्या वतीनं फोन एकच जोडणी धरणार, ती थेट ॲपलच्या नाहीतर गूगलच्या सर्व्हरशी, आणि निरोप आला की ते फोनला उठवणार. तोड उत्तम. फक्त आता प्रत्येक निरोपाच्या वाटेत ते दोघं येऊन बसले. एक्सएमपीपीवाल्यांनीही नंतर दुरुस्त्या केल्या, तुटलेली जोडणी जिथल्या तिथं पुन्हा धरायची सोय केली, स्क्रीन बंद असताना ठिपक्यांच्या वर्द्या रोखून धरल्या. चांगलं काम केलं. पण वरात निघून गेल्यावर.

दुसरं कारण आत्या. आत्याला युजरनेम, पासवर्ड, सर्व्हर हे कधी जमलं नसतं, आणि जमायची तिला गरजही नव्हती. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सॲपनं तिला एकच विचारलं: तुमचा नंबर. बाकी फोनमध्ये आधीच असलेल्या नंबरांवरून कोण कोण आलंय ते त्यानं आपलं आपण शोधलं. ही एवढीशी गोष्ट, पण सगळ्या प्रोटोकॉलवाल्यांना मिळून ती सुचली नाही, किंवा सुचली तरी कमीपणाची वाटली. आणि गंमत अशी की व्हॉट्सॲपची सुरुवात झाली ती एक्सएमपीपीच्या ईजॅबरडी नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवरच. पुढं त्यांनी ते इतकं कापलं-जोडलं, शब्द आखडून आखडून आकड्यांवर आणले, की मूळ ओळखू येईना. पण कुळ तेच. रस्ता बांधायला आणलेल्या खडीतूनच कंपाउंडची भिंत उभी राहिली.

आपल्याकडं त्याला सरकारी हातभारही लागला. एसएमएस हा खरं तर सगळ्यात मोकळा मार्ग. कुठल्याही सिमवरून कुठल्याही सिमला. पण एका एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीत लिहायला घेतलं की ७० वर गाडी थांबते. काना, मात्रा, वेलांटी, सगळे वेगळे मोजले जातात. ‘सर्वांना पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहून खाली घरातल्या सगळ्यांची नावं घालायची म्हटलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. म्हणून आपण ‘कुठं आहेस’ सुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकलो. त्यात सणावाराला सवलतीचे पॅक चालायचे नाहीत, पाडवा आणि दिवाळीला प्रत्येक एसएमएसला पूर्ण दर. मग २०११ च्या सप्टेंबरअखेरीला, जाहिरातवाल्यांचा उच्छाद थांबवायला म्हणून, ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली; नोव्हेंबरात ती २०० केली. मर्यादा होती जाहिरातवाल्यांसाठी, लागली कॉलेजच्या पोरांना. ती एका रात्रीत संपवायची १००, आणि मग हातात येईल ते ॲप घ्यायची. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं सगळे निरोप एन्ड-टू-एन्ड कुलूपबंद केले, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येऊ नयेत असे, तेव्हा तर मोकळ्या वाटेच्या बाजूनं बोलायला माझ्यासारख्याकडं फारसं काही उरलं नाही. एसएमएसला आजही तसलं कुलूप नाही.

पण सगळं एकाच छपराखाली असण्याचा धसका शहरानं अनुभवलाय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात जो तो राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं डोळे लावून होता. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पातळीचे निरोप व्हॉट्सॲपवर फिरायचे, आणि ते कितव्यांदा पुढं ढकललेले, आत्ताचे की कालचे, कळायचं नाही. जिथं वीज गेली, डेटा गेला, तिथं कधीमधी एखादा एसएमएस मात्र घुसायचा. ‘वरच्या मजल्यावर आहोत, ठीक’ असला. २०२३ च्या जूनमध्ये शहरात गडबड झाली आणि इंटरनेट बंद केलं, तेव्हा दुसऱ्यांदा तेच. लोकांनी ओटीपी आणि जाहिरातींच्या उकिरड्यात जाऊन एसएमएसचं ते जुनं खोकं उघडलं आणि एकमेकांना ‘पोचलास का’ विचारलं. माझ्या भाचीला तोवर तिथून माणसालाही लिहिता येतं हे माहीत नव्हतं.

एसएमएसचा थोरला वारस म्हणून आरसीएस आहे, फोटो-बिटो, टायपिंगचे ठिपके सगळं असलेला. मोबाईल कंपन्यांनी त्याचं घोंगडं कितीतरी वर्षं भिजत ठेवलं, शेवटी गूगलनं ते उचललं, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयफोनलाही जोडणी मिळाली. आपल्याकडं मात्र माणसांच्या आधी दुकानदार तिथं पोचले. कर्जाच्या जाहिराती इतक्या आल्या की २०२२ मध्ये गूगललाच भारतातले असे प्रचाराचे निरोप काही काळ थांबवावे लागले.

हे सगळं कुणाला समजावून सांगताना मी हल्ली कपिलतीर्थ मंडईत नेतो. मेथी विकणाऱ्या मावशींच्या पाटीला सुतळीनं बांधलेला क्यूआर असतो, पाण्यानं खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केलेला, कोपरा तरी उचकटलेलाच. क्यूआर एका कंपनीचा, माझं ॲप दुसऱ्या कंपनीचं, माझी बँक तिसरी, त्यांची चौथी. मी वीस रुपये पाठवतो, पेटीतून बाई बोलते, मावशी मान न वळवता पुढच्या गिऱ्हाइकाला जुडी देतात. ‘तुमच्याकडं कुठलं ॲप आहे’ हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं ते येतानाच या अटीवर, की कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत गेलं पाहिजे. त्याचा पत्तासुद्धा जॅबरसारखाच, नाव, ॲट, आणि पुढं कुणाचं ते. आता कल्पना करा, पैशाला पण व्हॉट्सॲपसारखी वेस असती तर मावशींना पाटीभोवती किती क्यूआर लटकवावे लागले असते. मेथी दिसली नसती.

लगेच कुणीतरी म्हणतं, मग निरोपांचं पण सरकारनं असंच करावं की. इथं मी थांबतो. यूपीआयचा प्रत्येक व्यवहार ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मधल्या यंत्रणेतून जातो, आणि पैशाच्या बाबतीत कुणीतरी मधे बसून हिशेब ठेवावा हे मला मान्य आहे. आईनं मला काय लिहिलं याचा हिशेब कुणी ठेवलेला मला चालणार नाही. शिवाय कुलूप लावलेला निरोप दोन वेगळ्या कंपन्यांच्या ॲपांत उघडायचा तर दोघांचं कुलूप एकाच घडणीचं लागतं, आणि समोरचा खरंच तोच आहे याची खात्री कुणी द्यायची, नको असलेल्यांना कुणी हाकलायचं, हे प्रश्न उरतातच. अवघड आहे. पण अवघड आणि अशक्य यात अंतर असतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ च्या जानेवारीत देशभर झाली, त्याच्या आधी तीही होणार नाही म्हणून सांगणारे भरपूर होते.

युरोपनं कायदाच केला. डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली २०२४ च्या मार्चपासून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला सांगितलं गेलं, की दुसऱ्या कुणी मागणी केली तर व्हॉट्सॲप आणि मेसेंजरचं दार उघडा. मेटानं अट घातली की कुलूप आमच्यासारखंच, सिग्नल प्रोटोकॉलचं नाहीतर त्याच तोलाचं हवं. अट वाजवी आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात पहिली दोन ॲपं जोडली जाणार असं जाहीर झालं, बर्डीचॅट आणि हायकेट. ही नावं तुम्ही ऐकली नसतील, मीही त्या बातमीतच वाचली. मोठ्यांपैकी कुणी रांगेत नाही. गुप्तपणासाठी नावाजलेल्या सिग्नल ॲपवाले तर म्हणतात, व्हॉट्सॲपशी जोडलं तर आमच्याकडचं गुप्तपण सैल होईल. म्हणजे कायद्यानं दार उघडलं, आणि आत जायला फारसं कुणी उभं नाही. आणि हे सगळं युरोपातल्या नंबरांपुरतं.

एक्सएमपीपी मात्र मेलेलं नाही. उद्यमनगरात जॉबवर्क करणाऱ्या माझ्या मित्रानं ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर प्रॉसडी नावाचा सर्व्हर चढवलाय. फुकट, आणि इतका हलका की तो पीसी त्याच वेळी बिलंही छापतो. फोनवर कॉन्व्हर्सेशन्स नावाचं ॲप. बॅटरीचं दुखणं आता उरलेलं नाही, कुलूप आहे, फोटो जातात, आवाजी निरोप जातात. मी उत्साहानं घरातल्यांची खाती काढली. मावसभावानं घेतलं, कारण त्याला कुठलंही नवीन ॲप लागतंच. आईच्या फोनवरही घालून दिलं. तिनं चष्मा लावून वरून खालपर्यंत बघितलं.

‘‘ह्यात स्टेटस कुठं बघायचे रे?’’

‘‘ह्यात तसले स्टेटस नसतात, आई.’’

‘‘बरं. कोण कोण आहे ह्यात?’’

‘‘आपण सगळे. मी आहे.’’

‘‘तू शेजारच्या खोलीत आहेस की.’’

त्या सर्व्हरवर सध्या सगळ्यात जास्त बोलतं ते मित्राचं सीएनसी मशीन. त्याच्या पोरानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक बारकं सर्किट जोडलंय; स्पिंडल थांबला, कूलंट संपलं की मशीन आपलं आपण निरोप टाकतं. त्याला स्वतःचा पत्ता आहे, आणि यादीत नावापाशी हिरवा ठिपकाही. एकदम झकास चालतं. फक्त रात्रपाळीचा ऑपरेटर ते ॲप उघडत नाही, म्हणून पोरगा आता हेच निरोप व्हॉट्सॲपवर कसे वळवायचे ते शोधत बसलाय.